वाळवीनं खाल्लेल्या दोन ओळी

सुमनआत्या,

मुखपृष्ठावरचा बैल रंगवता रंगवता ब्रश बाजूला ठेवला आणि हे लिहायला बसले. आबांनी पोळ्यासाठी रचलेल्या झडत्यांचं पुस्तक उद्या छापायला जाणार. प्रस्तावनेत तू लिहिलंस, 'शेवटच्या झडतीतल्या अखेरच्या दोन ओळी फक्त माझे वडीलच लिहू शकत होते.'

आत्या, त्या ओळी वाळवीनं खाल्ल्या होत्या. आबांची वही उतरवून काढताना त्या मी लिहिल्या.

आपल्या गावी, बोरी अरबला, पोळ्याच्या तोरणाखाली बैलांपुढे आबांची झडती म्हणून झाली की दुसरं कोणी तोंड उघडत नसे. मी पहिली कविता दाखवली तेव्हा तू हसून म्हणालीस, "चित्रं काढतं, तबला वाजवतं, आता हे कायले? घरात एक कवी पुरे." म्हणून या दोन ओळी माझ्या आहेत हे सांगितलं नाही. आता प्रस्तावनेतलं तुझं ते एक वाक्य दिवसातून दहादा वाचते. त्यात माझं नाव नाही, आणि आबांचं असायला नको.

हे पाठवायची हिंमत नाही.

तुझी
सुरभी

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात चित्र दिलं आणि त्या दोन ओळी काढायला सांगितल्या.

"काहून?" छापखान्याचे युनूसचाचा म्हणाले. "याच तर जानदार आहेत."

"माह्या आहेत."

त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली. प्रस्तावनेला मी हात लावू दिला नाही.