पाटी झाकू नये

१० नोव्हें., सोमवार

थळ ते पेण, पेण ते थळ. आजही व्हॅनवर मीच. ह.चा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये. बंदरावर शेवाळावरून पाय सटकला त्याचा आणि लॉटरी लागली मला. असं लिहू नये, नवरा आहे. पण वही माझी आहे.

माझ्या पाठीमागच्या बाकावर पारूआत्या, तिच्या शेजारी मंदा, मग बाकीच्या मासळीवाल्या. त्यांच्या मागे मासळीच्या पाट्या, बर्फ घातलेल्या, वर ओलं गोणपाट. पोयनाडच्या अलीकडे सरळ रस्त्याला नवा खांब उभा राहिलाय. वेग मोजणारा कॅमेरा.

मंदा : "गो सुशे, त्या खांबाव काय बसवलंय?"

मी तोंड उघडायच्या आत पारूआत्या : "डोला हाय त्यो. सरकारचा."

झालं. तेव्हापासून गाडीत सगळ्या त्याला डोळा नाही, डोलाच म्हणतात. मीही.

१२ नोव्हें., बुध.

समोरून येणारा जो तो डिपर मारतोय. पुढे पोलीस उभे असले की मारतात तसा. अरे, पोलीस जागा बदलतात म्हणून डिपर. खांब काय उठून चालायला लागणार आहे? तरी मारतात. आज मीही एकाला मारला. सवय.

मुंबईकडच्या गाड्या डोल्यापाशी आल्या की अगदी गरीब होतात. खांब मागे पडला की वारं प्यायलेल्या वासरासारख्या उधळतात. एकाने तर खांबाला लिंबू-मिरची बांधून ठेवलीय. नजर कुणाची कुणाला लागू नये म्हणून, ते त्यालाच माहीत.

आणि निलेश. गावातली दुसरी व्हॅन त्याची, आमच्या बायका पळवायला टपलेलाच असतो. नंबराच्या पाटीवर झेंडूचा हार. दसरा केव्हाच झाला, फुलांचा पार भुगा झालाय, तरी काढत नाही. म्हणतो, देवाचं आहे, काढू कसं?

१५ नोव्हें., शनि.

गाडी ह.च्या नावावर, त्यामुळे चलानाचे मेसेज त्याच्या फोनवर. आज जुने मेसेज काढून बसला होता. पेणच्या सिग्नलचं एक, हायवेची कितीतरी. सगळी त्याच्या काळातली.

"गल्ला भरायचे धंदे आहेत सगळे."

"माझं एक तरी आलंय का?"

"तू बैलगाडी चालवतेस."

"मग बैलगाडी शिकून घे ना."

जेवून उठला. मग स्वतःहूनच शिकवायला लागला. डोल्यासमोर ब्रेक मारायचा, पुढे गेलं की सोडायची, सगळे तेच करतात. सगळे करतात हे खरंय. आज येताना बघितलं, ट्रकवाले, रिक्षावाले, एक शाळेची बससुद्धा.

मला एक सांगायचंच नव्हतं त्याला. मला डोला आवडतो. पहिल्यांदा गाडी घेऊन निघाले तेव्हापासून नाक्यानाक्यावर कोणी ना कोणी काचेतून डोकावून विचारतं. गाडी कोणाची? मालक कुठे? लायसन आहे ना, ताई? डोला असलं काही विचारत नाही. वेग बघतो, बाई आहे की बुवा ते बघत नाही. असा एक तरी भेटला.

१८ नोव्हें., मंगळ.

दोघीजणी निलेशकडे गेल्या. कारण मी उशिरा पोचते. पेणच्या बाजारात फाटकाजवळची जागा आधी येईल तिची. उशिरा आली तिने मागे नाल्याकडे बसायचं, तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यांचं चूक नाही. पण डोकं सणकलं. निलेश हसत हसत म्हणाला, "वैनी, हार देऊ का एक?"

देतो हार. तुझ्याच गळ्यात घालीन.

रात्रभर नव्हे, पण भांडी घासेपर्यंत विचार केला. जोरात चालवून किती वाचतं? पुढे वडखळला सगळे एकाच रांगेत उभे असतात. वेळ जातो तो दुसरीकडेच. जिचा आवाज मोठा तिची पाटी आधी चढते. मग ती पोयनाडला उतरणारी असली की सगळ्या पाट्या खाली, तिची काढायची, पुन्हा सगळ्या वर, आणि वर भांडण. हे रोज.

२० नोव्हें., गुरु.

बंदरावर जाहीर केलं. पेणवाल्यांच्या पाट्या आधी चढणार, मग वडखळ, पोयनाडवाल्यांच्या सगळ्यात शेवटी. मंदा पोयनाडची आणि आवाज तिचाच मोठा. "मना शेवटी? मी काय सावतर हाय?" म्हटलं, शेवटी चढशील तर पहिली उतरशील. तिने पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तसं सांग ना मंग."

पोयनाडला मंदा पाटी घेऊन उतरली आणि गाडी लगेच हलली. वडखळलाही तसंच. डोल्यासमोरून जशी आले तशीच गेले, ब्रेकला पाय लावला नाही. पेणला फाटकाजवळ पारूआत्या बसली तेव्हा निलेशची गाडी यायची होती. त्याला हात केला मी. मुद्दाम.

२४ नोव्हें., सोम.

आज हसून हसून पोट दुखलं आणि रागही आला. वडखळच्या नाक्यावर एक गाडी उभी, वर भोंगा. "वाहनचालकांनी पाटी झाकू नये. पाटी झाकलेली दिसल्यास कारवाई होईल." निलेशसारख्यांसाठी ते. मी मनात म्हटलं, बरं झालं.

पेणला मागचं दार उघडते तो काय, सगळ्या पाट्या उघड्या. गोणपाटं घड्या करून बाजूला. पुढे डंपर चाललेले, काचा उघड्या. मांदेलीवर धुरळ्याची साय आणि घोंघावणाऱ्या माश्यांचा मोर्चा.

"आत्या, हे काय?"

"त्यो बोलला ना, पाटी झाकू नको. मंग काय, दंड भरू?"

"अहो, ती गाडीची पाटी! नंबराची!"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मांदेलीकडे. "मंग तसं बोलाचं. आमी काय गाडी इकतंव?" आणि बसली धुवायला. बाजारभर झालं ते. कोणी काही म्हटलं की ती मान वर करून सांगायची, "सरकारला आमचं म्हावरं बगाचं व्हतं, बगू दे." लाजली तर शपथ.

२८ नोव्हें., शुक्र.

ह.चं प्लास्टर काढलं. हात काडीसारखा झालाय, बघून वाईट वाटलं. तेल लावून दिलं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस जपा, मग करा काम. घरी येताना म्हणाला, "येता आठवडा तू ने, मग आठ तारखेपासून मी नेतो गाडी."

मी हो म्हटलं. का म्हटलं? नाही म्हणायचं होतं आणि तोंडातून हो आलं. गाडी त्याची. बंदरावर त्याला चिडवतात, "बायको कमावते, तू पलंग राख." सगळं कळतं मला. पण मला सोडायची नाहीये. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी स्वतःला फसवणार नाही. मला व्हॅन सोडायची नाहीये.

मुद्दा माझ्याकडे आहे. माझं एकही चलान नाही. ह्याच्यावर बोलता येईल.

३ डिसें., बुध.

उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून पेणकरांनी आजच हात मारून घेतला. सगळ्या पाट्या लवकर रिकाम्या. येताना गाडी हलकी, वारा छान, पोयनाडला चढलेल्या मंदाने मागे हळदीचं गाणं धरलं. गाव मागे पडलं, पुढे रस्ता मोकळा, आणि पारूआत्या माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "सोर गो जरा! वारा खाऊ दे!"

सोडली.

रिकाम्या पाट्या खडखडतायत, बायका ओरडतायत, आणि मी… गाडीत माणसं होती, चुकलंच माझं. पण इतकं छान कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. घरी येऊन तव्यावर सुकं कोलीम भाजलं तेव्हासुद्धा हात गरम होते.

डोला कुठे गेला ते आठवतच नाही. म्हणजे मागे पडला असणार.

५ डिसें., शुक्र.

आलं. चलान. ह. चहा पीत होता, फोन वाजला, त्याने वाचलं आणि फोन माझ्यासमोर धरला. बुधवार. आमचीच गाडी. आमचाच रस्ता.

एवढा खूश झालेला माणूस मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"बैलगाडीला आलं की गं!"

माझा एकुलता एक मुद्दा, तोही गेला. मग त्याने फोटो मोठा केला. काचेआड मी. स्पष्ट. दात काढून हसतेय, मागे आत्याचा हात वर. कॅमेऱ्याने माझा एवढा चांगला फोटो काढलाय की आधारकार्डवाल्याने शिकावं.

ह. बराच वेळ बघत राहिला. हसू गेलं होतं त्याचं. म्हणाला, "अशी हसतेस होय तू."

मग फोन खिशात घालून चहा संपवला त्याने. मी कप विसळले. पण सोमवारी गाडी तोच नेणार, हे ठरलेलंच राहिलं.

८ डिसें., सोम.

ह. गाडीवर. मी मागे, पारूआत्याशेजारी, म्हटलं पाट्या चढवायला मदत. त्याने माझी चढवायची रीत ठेवली, हे मान्य केलं पाहिजे. हातही ठीक आहे. चालवतो चांगलं, प्रश्नच नाही. सुसाट.

पोयनाड जवळ आलं आणि सगळ्या बायकांनी एकदम पाय वर घेतले. मला कळेना काय झालं. तेवढ्यात ह.ने ब्रेक मारला आणि मागच्या पाट्यांमधलं बर्फाचं पाणी भस्सकन पुढे आलं. माझे पाय खालीच. घोट्यापर्यंत गार. खवल्यांसकट.

डोला गेला, गाडी सुटली, बायकांनी पाय खाली ठेवले. डोला नवा, पण पोलिसांसमोरचा ह.चा ब्रेक जुना; इतकी वर्षं ह्या रोज हे करत होत्या आणि मला पत्ता नाही. ह.लाही नाही, तो पुढे कोरडा.

"आत्या, कधी सांगितलं का नाहीत?"

"कुनाला सांगाचं? डायवर लोक मागं बगतंत क?"

पेणला उतरल्यावर मात्र तिने ह.लाच धरलं. "हरेश, आमाला खिडकीतना बगाया नको. डोला आला क आमच्या पायाना कलतंय. तुजी बायको चालवते तवा आमी झोपतंव."

ह. हसला. पण कान लाल झाले होते.

१० डिसें., बुध.

काल आणि आज दोन्ही दिवस ह.नेच नेली. काल डोल्यासमोर ब्रेक जरा हळू मारला म्हणे. मंदाने सांगितलं, तळवेच भिजले, घोटे नाही. प्रगती आहे.

मी घरी. सोडे निवडले. लादी पुसली. दुपारी कारखान्याच्या बसेस जाताना ऐकल्या आणि प्रत्येक वेळी उजवा पाय आपोआप दाबला गेला. वेडी झालेय.

११ डिसें., गुरु.

मार्गशीर्षातला गुरुवार, मासळीला सुट्टी. ह. अंगणात गाडी धूत होता. मी बादली घेऊन गेले आणि बोलून टाकलं. फिरवून नाही, चलानाचा हिशेब नाही, आत्याच्या पायांचंही नाही.

"मला गाडी चालवायची आहे."

"तुझं पण चलान आलं. मग फरक काय राहिला?"

"काहीच नाही. मी तुझ्याहून चांगली आहे असं म्हणतच नाहीये. मला आवडतं. म्हणून चालवायची आहे."

तो टायर घासत राहिला. खूप घासला तो टायर, उगाच. मग म्हणाला, "आणि मी काय करू? लोक काय म्हणतात माहितीय ना?"

"माहितीय. चुलत्यांच्या होडीवर माणूस कमी आहे, तुला समुद्र आवडतो. गाडी तुला कधी आवडली सांग. तू पळवतोस ती लवकर संपावी म्हणून."

ह्यावर त्याने पाइप माझ्या पायावर सोडला. मुद्दाम की कसं, कळलं नाही. मी पण बादली ओतली. शेजारचे बघत होते, बघोत.

संध्याकाळी ओट्यावर बसून स्वतःच बोलला. उद्या पहाटे जो आधी उठेल त्याने चावी घ्यायची, बंदरावर जायचं. रोज तसंच. आणि एकाने दुसऱ्याला उठवायचं नाही. ही अट त्यानेच घातली, मी नाही.

आता, गाडीवर होता तेव्हासुद्धा रोज पहाटे त्याला मीच हलवून उठवायचे. तीनदा. तिसऱ्यांदा पाणी मारून. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याआधी एकदाही उठलेला नाही, आणि हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. मग असली अट का घातली असेल? विचारलं नाही. विचारलं की मोडेल.

आत्ता चहाचे कप न्यायला गेले तर मोबाइलवर गजर लावत बसला होता. एक नाही, पाठोपाठ चार.

लाव म्हणावं.