माझ्या मशिनवर तर चालतंय

३ मार्च
कपड्यांच्या कटिंगचे कागद काढणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. मूळ लेखकाने तो भलत्याच सिस्टीमसाठी लिहिलाय. आमच्या युनिक्सछाप सिस्टीमवर तो एका कमांडीत बसावा म्हणून पॅकेज करतो ते मी. वर्षानुवर्षं 'सांभाळकर्ता' म्हणून माझंच नाव. आज पहिल्या झटक्यात जमलं. प्रोग्रॅम तपासणाऱ्या दोन टेस्ट फेल होत होत्या, त्या बंद केल्या. उगाच किरकिर नको.

४ मार्च, सकाळ
कुणीतरी तक्रार टाकलीय. म्हणे कोऱ्या मशिनवर बसतच नाही, सोबत लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, राहिलीय. माझ्या मशिनवर ती आहे. म्हणजे सगळ्यांकडे असणारच. नाचता येईना अंगण वाकडं!

संध्याकाळ
बायकोचं शिवणाचं दुकान. तिथल्या नव्या कॉम्प्युटरवरही कोट बेतायचा कागद निघत नाही म्हणाली. मशीन बदल म्हटलं.

६ मार्च
तक्रार करणारा कोण, तर माझा मेव्हणा! पॅकेज कशाशी खातात हे याला मी शिकवलं. घरचा भेदी. फार लागलं मनाला.
निश्चय: मौन. एकाही मेलला उत्तर नाही. सांभाळकर्ता दोन आठवडे गप्प राहिला तर दुसऱ्याने हात घालावा असा नियम आहे खरा. पण तो आळशांसाठी. माझ्याकडे हात जोडत येतील.

१० मार्च
मेव्हण्याच्या तीन मेल. आला वठणीवर. उघडल्या नाहीत.

१५ मार्च
बायको हाताने कागद आखतेय. एक ओळ लिहायला तुमचं काय जातं, असं विचारलं. ओळीचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. हे सांगितल्यावर जेवण झाकून ठेवून झोपायला गेली.

१९ मार्च
मेल थांबल्या. लाजले असावेत.

२१ मार्च
सांभाळकर्ता: मेव्हणा.
डोळे चोळून पाहिलं. यादीत एक ओळ वाढवलीय, माझ्या बंद केलेल्या टेस्ट चालू केल्यात, आणि वर माझे आभार मानलेत. आभार! मग त्याच्या जुन्या मेल उघडल्या. तिन्हींत एकच: भाऊजी, दुरुस्ती तयार आहे, नुसतं हो म्हणा, नाव तुमचंच राहील.
केसाने गळा कापला. तिच्या भावाचे प्रताप तिच्या कानावर घालायला तडक दुकानात गेलो. प्रिंटरमधून कोटाचा कागद सरसर निघत होता. मी तावातावाने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, तो रोज फोन करून विचारायचा, ताई, घेऊ का हातात? मी रोज सांगायचे, थांब रे, ते लिहितील. काल मुदत संपली, तेव्हा मीच हो म्हटलं.
 तिने कागदाचं दुसरं टोक धरायला सांगितलं. धरलं.