बहुमतानं लावलेला अर्थ

शनिवार, १९ जुलै २०२५

चि. रुपा,
अनेक आशीर्वाद.

आईचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. कॉलेजात पंखा अजून बंदच, त्यामुळे पोरं शेवटच्या तासाला पेंगतात. आठवडा झाला, तू दिसत नाहीस. तुझ्या बाकावरच्या गुड्डीला विचारलं तर म्हणते, घरी धानाची रोवणी आहे. रुपा, तुमच्याकडे रोवणी सुरूच झालेली नाही हे मलाही ठाऊक आहे. गावातली एकही बाई रोवायला तुमच्या शेतात, बांधीत उतरत नाही.

चार घरं ओलांडून यायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र.

त्या कवितेबद्दल बोलायचं होतं. सगळे एकीकडे आणि वेडा ठरलेला एकटा माणूस दुसरीकडे, ती. वर्गानं गाइडमधलं सांगितलं, कवीला वेड्यांची दया येते. तू उठून म्हणालीस, "मॅडम, तो पागल नाहीच. त्याले पागल म्हणणारे जास्त हायेत, एवढंच. माह्या बाबाले पाहा ना." सगळे हसले. आणि मी काय केलं, तर हात वर करायला लावले! बहुमत चुकतं असं सांगणाऱ्या कवितेचा अर्थ मी बहुमतानं लावला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी स्टाफरूममध्ये पोट धरून हसले असते.

मग तू विचारलंस, "तुमचं मत काय हाये, मॅडम?" मी म्हटलं, सगळ्यांचं तेच.

खोटं बोलले. तुझाच अर्थ बरोबर होता. पण तसं म्हटलं असतं तर अर्धा तलाव बुजवून मंगल कार्यालय बांधायला तुझ्या बाबांनी, टिकारामभाऊंनी, एकट्यानं केलेला विरोधही बरोबर ठरला असता, आणि तो ठराव मांडणारे सरपंच म्हणजे आमचेच हे, माझ्याच हातचं जेवतात. ग्रामसभेत माझाही हात वर होता. तुमच्याकडे मजूर जाऊ द्यायचे नाहीत, हे तर आमच्या ओसरीवर ठरलं. मी सगळ्यांना चहा करून दिला. मला फार लाज वाटते, पोरी.

सोमवारी हे वर्गात सांगणार आहे. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण बारावी सोडू नकोस. उद्या सकाळी तुमच्या बांधीत येते. मला रोवता येत नाही, तुझी आई रागावली तरी चालेल.

आत्ताच यांना सांगितलं. ताटावरून उठले. म्हणाले, "लोकं काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "पागल म्हणतीन."

तुझी,
करुणा मॅडम