मागून हाक

मोशी,
२२ जानेवारी २०२५

चि. वर्षाली,

आशीर्वाद. 'चि.'च्या पुढे हात सवयीनं 'सौ.' लिहायला गेला, तो मध्येच थांबवला. तिथं शाईचा ठिपका पडलाय, तो तसाच राहू दे.

आज पहाटेपासून एक जुना आवाज कानात आहे. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला वडील बांधावर उभे राहून कुत्र्याला हाक घालायचे, "यूऽ यूऽ यूऽऽ!" शेवटचा सूर असा लांबवायचे, की तो ओढ्यापलीकडे जाऊन परत यायचा आणि त्याच्यामागून कुत्रं. मला वाटायचं, सूरच त्याला ओढून आणतो. शाळेत गुरुजी कवितेच्या ओळीचं शेवटचं अक्षर लांबवायला लावत, तेव्हा मी हटकून खिडकीबाहेर बघायचो, कोणी धावत येतंय का म्हणून. छड्या खाल्ल्यात त्यासाठी.

इकडे सर्व ठीक. सुमनचे गुडघे थंडीनं धरतात, तेवढंच. ओवीचा व्हिडिओ पाहिला. पुढचा दात पडल्यावर बोबडं फार गोड बोलते. तिच्या मराठीच्या पुस्तकात यंदा कोणत्या कविता आहेत ते कळव. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर माझी गाडी थंडी-ताप-जेवलीस का याच्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला.

लिहायचं कारण म्हणजे पिस्टन. रविराजनं कुत्र्याला हे नाव ठेवलं तेव्हा मी केवढा रुसलो होतो, आठवतं? मी 'श्रावण' सुचवलं होतं. "अण्णा, चाकणला कंपनीच्या गेटवर सापडलेलं पिल्लू आहे, त्याला श्रावण कसं शोभेल?" म्हणाला. आता तेच नाव मी भर मैदानात ओरडतो. कोपऱ्यावरचा चिकनवाला बरकत विचारतो, "अण्णा, कुत्रं बोलावताय का गाडीचा पार्ट मागवताय?"

गंमत सोड. पिस्टन एकदा सुटला की हाकेला येत नाही, आणि नाशिक हायवे मैदानाला लागून. दिवाळीनंतर ट्रकखाली जाता जाता वाचला. तेव्हापासून झोप उडाली माझी. रविराजचे कपडे तू नेलेस, ते बरोबरच केलंस. पण त्याचं म्हणून जिवंत, अंगाला अंग लावणारं असं या घरात हे एकच उरलंय. ते रस्त्यावर गेलं तर सुमन त्यातून उठणार नाही.

पाचव्या मजल्यावरची रुपाली, हिंजवडीला कंपनीत आहे ती, तिनं पद्धत सांगितली. हाक एकदाच मारायची. आला की लगेच खाऊ द्यायचा. उशिरा आला तरी रागवायचं नाही, नाहीतर येणं म्हणजे शिक्षा असं त्याच्या डोक्यात बसतं. आधी घरात, मग जिन्यात, पार्किंगमध्ये, मग मैदानावर लांब दोरी बांधून. दोरी अगदी शेवटी सोडायची.

घरात शहाण्यासारखा यायचा. मैदानावर मात्र क्रिकेटची पोरं, भेळेची गाडी, बरकतच्या दुकानामागची हाडं! मी खिशात उकडलेली कलेजी ठेवून त्याचं नाव चालीवर म्हणायचो. मध्येच चौथीतली एखादी कविताही व्हायची. "अण्णा," बरकत ओरडला, "कविता राहू द्या, त्याला कलेजी द्या!"

हळूहळू तो चेंडूवरून परतायला लागला, हाडांवरूनही. मी खूश. एक दिवस रुपाली बघत होती. म्हणाली, "काका, तुम्ही चीटिंग करताय."

"कोणाशी गं?"

"स्वतःशी. तो वळून तुमच्याकडे बघेपर्यंत तुम्ही थांबता आणि मग हाक मारता. तेव्हा तर तो येणारच असतो! पाठ फिरवून पळतोय ना, हाक तेव्हा मारायची."

"मागून?"

"मग कुठून मारणार, काका?"

आपल्या घरात निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत, हे त्या पोरीला काय सांगू? आजोबांपासून चालत आलेलं. माझ्या नकळत मी कुत्र्यालाही तीच रीत लावली होती.

आणि हेही लिहून टाकतो, नको नको म्हणत होतो ते. पिस्टन हाडांसाठी सुटत नाही गं. शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या आकाशी शर्टातला, पाठीला सॅक लावलेला कोणी मोटारसायकलवरून जाताना दिसला, की तो सुटतो. तिथं माझी कलेजीही चालत नाही आणि चालही.

सुमन हल्ली कोणालाच हाक मारत नाही. जेवायला वाढलं की खोलीत येऊन माझ्या खांद्याला हात लावते. परवा दूधवाला किटलीचं झाकण विसरून गेला. तो खाली गाडी चालू करतोय आणि ही झाकण घेऊन गॅलरीत नुसती उभी. तेराव्याला तुझ्या आई सगळ्यांदेखत बोलल्या, "निघालेल्या माणसाला मागून हाक मारली, तीच नडली." लेकीचा संसार मोडताना पाहिलेली बाई, तिचा राग मी धरत नाही. तू गप्प राहिलीस, तेही समजतो. पण सुमननं ते वाक्य गिळलं ते अजून घशातच आहे.

त्या सकाळी तू आंघोळीला गेली होतीस. रविराज खाली उतरून गाडीवर बसला आणि कंपनीचं कार्ड टेबलावर राहिलं. कार्डाशिवाय गेटवर घेत नाहीत. सुमननं गॅलरीतून हाक मारली. तो परत वर आला. मागून हाक आली तर घडीभर टेकून पाणी पिऊन निघायचं, म्हणून ती म्हणाली, "बस जरा." तो उभ्याउभ्याच घोटभर प्यायला. "आई, तुझ्या रीतीला कंपनी ओव्हरटाइम देत नाही," म्हणाला, तिचा गाल ओढला आणि गेला. पुढचं चाकणच्या रस्त्यानं केलं.

काल माझा घसा बसला होता. मी काही म्हटलं नाही, पण सुमन चपला घालून मैदानावर माझ्यामागे आली. दोरी काढलेली होती. तेवढ्यात कडेनं एक आकाशी शर्ट गेला आणि पिस्टन सुटला, थेट रस्त्याकडे. मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

"पिस्टऽऽन! माघारी ये रे बाळाऽऽ!"

सुमनची हाक. बरकतच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पिस्टन रस्त्याच्या अगदी तोंडाशी थांबला. ती मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत राहिला. मग मान खाली घालून, जड पायांनी, माघारी आला. सुमन तिथंच मातीत बसली आणि त्याला कवेत घेतलं. कलेजी माझ्या खिशातच राहिली.

"परत आला हो," म्हणाली. मग बराच वेळ त्याच्या कानामागे खाजवत बसली, आणि म्हणाली, "रवीपण आला होता."

वर्षाली, तो आला होता. हाकेनं तो गेला नाही, हाकेनं तो आपल्याला आणखी एकदा मिळाला. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस तेव्हा तो पाणी पीत उभा होता ना? तुझ्याकडे बघून हसला ना? सुमननं हाक मारली नसती तर तुला तेवढंही मिळालं नसतं. रात्रभर मला हेच सुचत होतं. आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

तुझ्या आईंशी यावरून वाद घालू नकोस. फक्त एक कर. सुमनला फोन लाव आणि "आई" अशी हाक मार. पुढे बोलता आलं नाही तर ठेवून दे. चालेल.

बेल वाजली. सुमन दार उघडायला गेलीय.

वर्षाली, दारात जयमालाबाई आहेत. तुझ्या आई. एकट्याच. नारायणगावहून पहिल्या एसटीनं निघाल्या असणार, कानाला शाल तशीच गुंडाळलेली. तू पाठवलंस, का तुलाही ठाऊक नाही? त्या उंबऱ्याबाहेर, सुमन आत. दोघींपैकी कोणीच बोलत नाही. मी उठून गेलो तर "या" म्हणावं लागेल, आणि आज ते मी म्हणायचं नाही. म्हणून पेन हातात धरून इथंच बसलोय.

कान दाराशी ठेवून बसलेले,
तुझे
अण्णा