गॅरडबाईंच्या शेताचा नकाशा

प्रिय मॉरिस,

तुझ्या पायात सळई घातल्याचं एडिथकडून कळलं. नवरा वॉर्डातल्या चहाला शिव्या देतो, असंही ती म्हणाली, म्हणजे तू सुधारतोयस. मी दोनदा इस्पितळाच्या दारापर्यंत येऊन माघारी फिरलो.

त्या मंगळवारचं तुला किती आठवतं, ठाऊक नाही. गॅरडबाईंचं शेत नुकतंच नांगरून झालं होतं. तिथलं नाहीसं झालेलं घर नेमकं कुठे होतं, ते मी अभिलेखागारातल्या १८३९च्या नकाशावरून तुला कागदावर उतरवून दिलं होतं. वाट, कुंपण, घर, गोठा. तू धातुशोधक यंत्र फिरवत, पावलं मोजत गेलास आणि तासाभरात तुला तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातलं पेनीचं नाणं मिळालं. मी पलीकडच्या टोकाला होतो. "हेडली, गोठ्यामागे ये, यंत्र नुसतं गातंय," तू हाक मारलीस. मी वळलो, तर शेतात कुणीच नव्हतं.

धावत आलो. कुजक्या फळ्या मोडून खाली विहीर उघडी पडलेली, आणि तू काखेपर्यंत आत, कोपरं मातीत रुतवून. मी पोटावर पडून तुझी कॉलर धरली. माती माझ्याही छातीखालून सुटत होती. ढेकूळ पडलं की पाण्याचा आवाज यायला फार वेळ लागायचा. "सोड मला, दोघंही जाऊ," तू हळूच म्हणालास. गॅरडबाई दोर आणि ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत वीस मिनिटं गेली. ओढताना तुझा पाय विटांत अडकून मोडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तू सगळ्यांना सांगतोस म्हणे, हेडलीने जीव वाचवला, दोष त्या जुन्या नकाशाचा. मॉरिस, नकाशात दोष नाही. गोठ्यामागे लहानसं वर्तुळ आहे, शेजारी 'विहीर' लिहिलंय. मी ते पाहिलं होतं. पाणी भरणाऱ्यांच्या हातून विहिरीभोवतीच सगळ्यात जास्त नाणी पडतात, म्हणून ते तुझ्या कागदावर मी उतरवलं नाही. ती जागा मला एकट्याला हवी होती. तू जेवायला जाशील, याची वाट बघत मी त्या टोकाला नुसता घुटमळत होतो. काल एडिथला हे सांगितलं. तिने दार लावून घेतलं. तिच्या तोंडून कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हे पत्र. गुरुवारी भेटीच्या वेळेला मी खाली बाकावर असेन. बोलावलंस तरच वर येईन.

तू अजून म्हणू देशील तर, तुझाच
हेडली