डोळ्यावरचा पुठ्ठ्याचा द्रोण

डॉक्टर,

तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली आणि मला आज तुम्हाला एक गोष्ट विचारायचीय. रेणापूरकडच्या तुमच्या त्याच दवाखान्यात आता मी बसते. सकाळी एक बाप पोराला घेऊन आला. कुऱ्हाडीवर हातोडा मारताना पोराच्या डोळ्यात कायतरी उडालं म्हणे. डोळा नुसता जरासा लाल, पोरगं तर हसतंय. मी लातूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली तसा बाप म्हणाला, "दिसतंय की त्याला. लातूरला कशाला, मॅडम?" अगदी माझ्या आईचाच सूर.

दुष्काळ होता तेव्हा, लातूर नुकताच जिल्हा झालेला. आई सरकारी कामावर खडी फोडायची आणि मी शेजारी खेळत बसायची. हातोडा बसला नि माझ्या डोळ्यात टच्चकन काहीतरी लागलं. बाया म्हणाल्या लोणी घाला, पण आईनं मला उचलून तुमच्याकडं आणलं. तुम्ही म्हणालात, "डोळ्यात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही." आई म्हणाली, "पाणी हाय कुठं घालायला, सायेब?" तुम्ही खो खो हसलात. मग माझा चांगला डोळा तळहातानं झाकलात. दुखऱ्या डोळ्यानं मी भिंतीवरचं बाळाचं चित्र बरोबर सांगितलं. आई खूश झाली, "दिसतंय की, न्हाई जायचं लातूरला. कामावरून नाव कापतेत."

"हातोड्यापाशी होती ना पोरगी? मग दिसतंय तोवरच जायचं, बाई," तुम्ही म्हणालात. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून द्रोण केलात, डोळ्याला टेकणार नाही असा भोवतीच्या हाडावर चिकटवलात आणि लातूरला परत निघालेल्या रिकाम्या टँकरमध्ये आम्हाला बसवलंत. आई वाटभर तुम्हाला बोल लावत होती. आम्ही परतलो तेव्हा तुमची किनवटला बदली झालेली, आणि पुढं तुम्ही गेल्याचंच कानावर आलं. म्हणजे तुम्हाला कळलंच नाही. डोळ्याच्या आत लोखंडाची बारीक कपची होती, डॉक्टर. काढली. त्याच डोळ्यानं मी हे लिहितेय.

आज मीही द्रोण केला. बाप चिडूनच जीपमध्ये बसला. लातूरहून अजून काही कळलेलं नाही. खरं सांगू? त्या पोराच्या डोळ्यात काही निघूच नये, मी साफ चुकलेली असावी, असं मला सारखं वाटतंय. टँकर गेल्यावर तुम्हालाही असंच वाटलं होतं का?