टीसी आमच्या कपाटात आहे

प्रिय गीतांजली,

अक्षर ओळखीचं वाटेल, कारण वामनरावांच्या वहीत तुझं नाव याच अक्षरात लिहिलेलं तू पाहिलं आहेस. मी रुख्मिणी, अकोल्याच्या घरातली, तुला दर महिन्याला चहा देणारी काकू. सावकाराच्या बायकोनं पत्र का म्हणून लिहिलं असं तुला वाटेल. वाटू दे. पण मधेच फाडू नकोस बाई, शेवटपर्यंत वाच.

गेल्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात तू पहिल्यांदा आलीस, तेव्हा मी जावयासाठी पुरण शिजवत होते. बार्शीटाकळीची बस चुकली म्हणून ऑटोत दाटीवाटीनं बसून आलीस, चपलेला काळी माती चिकटलेली. बाबांचा, ओमप्रकाशरावांचा, पाय अपघातात मोडला, दहावीनंतर तुझं शिक्षण थांबलं, आई बाजारात फुलं विकते, आणि अर्धा एकर पडीक राहतो हे तुला बघवत नाही, असं सगळं तू एका दमात सांगितलंस. झेंडूची रोपं आणि ठिबकच्या नळ्या घ्यायला वीस हजार हवे होते. बँकेनं बाबांना घेऊन ये म्हटलं आणि बाबा कर्जाचं नाव काढू देत नव्हते. आमच्या यांनी, वामनरावांनी, महिन्याला दहा टक्के सांगितले, पहिल्या महिन्याचे दोन हजार आधीच कापून अठरा हातावर ठेवले, आणि तारण म्हणून तुझी शाळेची टीसी कपाटात टाकली. तू नोटा दोनदा मोजल्यास आणि म्हणालीस, "काका, दसऱ्याले सारे फेडतो." यांना हसू आलं. मला नाही आलं. माझं माहेर तिवशाचं, बापाची फुलशेती होती, आणि एवढ्या वयाच्या पोरीला अर्ध्या एकराचा हिशेब असा तोंडपाठ मी कधी पाहिला नव्हता.

मग तुझी ती चूक! राखीनंतर व्याज द्यायला आलीस तेव्हा खुशीत होतीस, झाडांना कळ्या धरल्या म्हणून. मी विचारलं, दसरा कितीला धरलास? तू म्हणालीस, पाच ऑक्टोबर. मागच्या वर्षीची तारीख मोबाईलमध्ये बघून तू उलटे दिवस मोजले होतेस. अगं, घरोघरी जावई धोंडे खाऊन गेले, माझ्याच चुलीवर पुरण होतं, आणि अधिक महिना आला की दसरा पुढे जातो हे तुझ्या डोक्यातून साफ निसटलं! दसरा त्या वर्षी चोवीसला आणि तुझी फुलं ऐन पितरपाटात, पितृपक्षात, जेव्हा झेंडूला कुत्रं विचारत नाही. तुझा चेहरा उतरला. मी तुला स्वयंपाकघरात ओढलं आणि माझा बाप करायचा ते सांगितलं, सगळ्या कळ्या शेंड्यासकट खुडून टाक, झाड पुन्हा फुटेल आणि फुलं पंधरा-वीस दिवस पुढे जातील. तू पदरानं तोंड पुसलंस, ओढणी म्हणायचं होतं मला, आणि विचारलंस, "काकू, आपल्याच हातानं?" मी हो म्हटलं.

तुझी आई पार्बताबाई मला नंतर बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, तीन दिवस पोरगी वाकून कळ्या खुडत होती, रडत होती आणि खुडत होती, आणि मजूर लावू का म्हटलं तर म्हणे माही चूक हाय, मीच निस्तरतो. खरं सांगते, त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. मी पन्नाशी उलटलेली बाई, माझी चूक निस्तरायला माझे हात कधी एवढे चालले नाहीत.

दसऱ्याला फूल आलं आणि भावही आला. तू बावीस हजार घेऊन आलीस, मुद्दल आणि महिन्याचं व्याज. शिवाय एक तोरण आणलंस, आमच्या दाराला लावायला! ज्यानं पिळलं त्याच्या दाराला तोरण. तुझ्या ते मनातही नव्हतं, सण होता म्हणून आणलंस एवढंच. यांनी ते मोटारसायकलला बांधलं आणि तुला सांगितलं की सप्टेंबरचं व्याज पाच दिवस उशिरा आलं, त्याचा दंड धरून अजून दहा हजार निघतात, टीसी मिळणार नाही. तू भांडली नाहीस. तू म्हणालीस, हे लिहून द्या. यांनी दिलं नाही. तेव्हापासून सात महिने तू त्या दहा हजारांचं व्याज म्हणून महिन्याला हजार भरलेस. अठरा हजार हाती घेतलेस आणि दसऱ्याआधीचं दोन महिन्यांचं व्याज धरून तेहतीस हजार भरलेस, पोरी. मी चहा देत राहिले. चहात साखर जरा जास्त घालायचे, एवढीच माझी हिंमत.

गेल्या आठवड्यात आलीस ती अमरावतीच्या शेतकी पदविकेला नंबर लागल्याची बातमी घेऊन. माझ्या अंगावर काटा आला आनंदानं. फी फुलांच्या पैशांतून जमवलीस, फक्त मूळ टीसी हवी, तीही पुढच्या शुक्रवारच्या आत, नाहीतर जागा जाते. हे म्हणाले, दहा हजार आण, नाहीतर पोलिसात हरवली म्हणून तक्रार दे, शाळा दुसरी देते, सारं जग तेच करतं. आणि तू उठून उभी राहिलीस. "हरवली नाई काका, तुमच्या कपाटात हाय. खोटं कायले लिहू?" घरात कुणी यांच्याशी असं बोललं नव्हतं. तू गेल्यावर हे कितीतरी वेळ टीव्हीचा आवाज वाढवत बसले. मी ओट्याशी उभी होते आणि मला माझी लाज वाटत होती.

कारण खोटं त्या वहीत आधीच लिहिलेलं आहे. धोंड्याच्या महिन्यात यांनी वही माझ्यापुढे सरकवली, माझं अक्षर चांगलं म्हणून नेहमी सरकवतात. समोर तुझी टीसी होती, जन्मतारीख ठळक. तू सतरा वर्षांची होतीस. हे म्हणाले एकोणीस लिही, आणि मी पुरणाचे हात पुसून एकोणीस लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. यांच्याकडे सावकारीचा परवाना नाही, आणि अठराच्या आतल्या अज्ञान पोरीकडून लिहून घेतलेला असला करार टिकत नाही, हे मला काल सावकारीच्या तक्रारी घेणाऱ्या सहायक निबंधकांच्या कार्यालयातल्या एका बाईंनी सांगितलं. हो, मी गेले होते, भाजीची पिशवी घेऊन. हे वाईट नाहीत असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. आता सांगवत नाही.

तुझी टीसी या पाकिटात आहे. पोस्टावर विश्वास नाही, म्हणून उद्या सकाळी तुझ्या आईच्या हाती देते. कपाट मीच उघडलं, आणि यांना सांगून उघडलं. खूप बोलले. बोलू देत. तू आधी अमरावतीला जा, प्रवेश घे, मग सोमवारी अकरा वाजता आईला घेऊन त्या कार्यालयात ये. तक्रार तुझी, साक्ष माझी. वही माझ्या पिशवीत आहे. मागच्या वेळी तुझं वय मी चुकीचं लिहिलं, सोमवारी साहेबांसमोर त्याच हातानं सतरा लिहीन.

तुझीच, तोरण मनापासून आवडलेली,
रुख्मिणी काकू